रेसची 800 आणि समोरच्या काचेचा घोळ : लातूरहून नोंदी

10 नोव्हेंबर 2024

दिवाळी संपली, पाहुणे गेले, शेडचं शटर वर केलं. गाडी 1998 ची मारुती 800, कार्बोरेटरवाली, 796 सीसी, 24,000 ला घेतलेली. केज (गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून आत बसवलेला पाइपांचा सांगाडा) झालीय, सीट बसलीय, बेल्ट बसलेत, इंजिनाची तक्रार नाही. राहिली समोरची काच. म्हणलं काच काय, दोन दिवसाचं काम. हे वाक्य पुढं आठवा.

आमचा हिशोब अमेरिकेतल्या 24 अवर्स ऑफ लेमन्सवरून उचललाय. ती रेस 2006 पासून चालू आहे, गाडी 500 डॉलरच्या आतली पाहिजे पण केज, सीट, बेल्ट असला सेफ्टीचा खर्च त्यात धरत नाहीत. आम्ही तिघांनी (मी, मेव्हणा आणि त्याचा वर्गमित्र) ठरवलं की गाडी 50,000 च्या आत आणि सेफ्टी वेगळी. आता समोरची काच सेफ्टीत धरायची का गाडीत यावरून पहिल्याच दिवशी भांडण. मेव्हण्याचं म्हणणं काच गाडीसोबतच येते म्हणजे गाडीत. मग जो खर्च गाडीत तो कमी करायचा, आणि इथूनच सगळा घोळ सुरू झाला.

काचेची हालत : क्लीनर साईडला खालून वर हातभर तडा. तडा एका रेषेत चालत गेलाय याचा अर्थ काच लॅमिनेटेड आहे, म्हणजे दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पापुद्रा. टफन काचेला असा तडा जाऊन ती जागेवर राहत नाही, ती फुटली की सगळीच फुटते. हे मला तेव्हा ऐकून माहीत होतं. बघून माहीत व्हायला अजून तीन आठवडे होते.

17 नोव्हेंबर

काच काढली. तडा गेलेलीच होती म्हणून आतून दोन्ही पायांनी ढकलायची असं ठरलं, सीटवर उताणं पडून. वर्गमित्र बाहेर धरायला. रबर 26 वर्षाचं, कडक होऊन प्लास्टिकच्या पाइपासारखं झालेलं, ते सोडंचना. तिसऱ्या लाथेला काच मधूनच वाकली, पापुद्रा फाटला आणि काचेचा भुगा तोंडावर. गॉगल घातला होता म्हणून डोळे वाचले, कपाळाला दोन ठिकाणी खरचटलं.

बार्शी रोडला जे चाचा काचा बसवतात त्यांच्याकडं नंतर गेलो तर ते हसून हसून बेजार. म्हणले, "रबर बचाने कू कांच तोडे क्या मियाँ?" नवं रबर साडेसहाशेला मिळतं. जुनं रबर बाहेरून कटरनं कापायचं, बाहेरची कड निघाली की काच नुसती हातानं सुटते, दहा मिनिटाचं काम. आमचे अडीच तास गेले आणि रबर गेलं ते गेलंच.

खर्च : 0. वेळ : अर्धा दिवस. टिटॅनसचं इंजेक्शन वेगळं.

19 नोव्हेंबर

काच काढल्यावर फ्रेम दिसली. खालच्या दोन्ही कोपऱ्यात पत्रा सडलेला. डावीकडं स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार गेला. रबराखाली पाणी मुरत राहतं ते दिसत नाही. ही काच न काढताच वर क्लिपा (काच धरून ठेवायच्या पट्ट्या) मारल्या असत्या तर त्या गंजात बसल्या असत्या. 800 घेतली असेल तर काच चांगली असली तरी एकदा तो कोपरा उघडून बघा.

डेंटरनं दोन तुकडे कापून नवा पत्रा वेल्ड केला, 1,200 घेतले. वेल्डाचा फुगवटा ग्राइंड करून सपाट करायला मी सांगितलं, तो म्हणला करतो. मी बघितलं नाही. हे पण पुढं आठवा.

24 नोव्हेंबर

भंगारातून दुसऱ्या 800 ची काच आणली, 700 रुपये. एकदम स्वच्छ, एक ओरखडा नाही, मेव्हणा खुश. नवं रबर, चाचांनी बसवून दिली, 300 मजुरी. चाचांनी काच बघून विचारलं होतं, "ये कौनसी हय?" मी म्हणलं मारुतीचीच आहे चाचा. ते ज्या अर्थानं विचारत होते तो अर्थ मला कळलाच नाही.

1 डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहितो.

औशाच्या पुढं ओळखीच्या एकांचं मुरमाड माळरान आहे, पेरणी होत नाही, तिथं आम्ही डबे ठेवून राउंड मारतो. पुढं वर्गमित्राची जुनी एस्टीम, मागं मी 800 मधे. मागं राहायचं ठरलेलं अंतर होतं ते मी पाळलं नाही, त्याच्या धुळीतच घुसलो. तिसऱ्या राउंडला वळणातून निघताना त्याचं चाक फिरलं आणि गोटा उडाला. लिंबाएवढा असेल. फट्ट असा एकच आवाज, आणि समोर सगळं पांढरं. तडा नाही, भोक नाही, अख्खी काच एका क्षणात खडीसाखर. धूळ नाही दिसत, एस्टीम नाही दिसत, बॉनेट पण नाही दिसत. वेग पन्नासच्या आसपास असेल. मी ब्रेक दाबला आणि बाजूच्या खिडकीतून खाली जमीन बघत थांबलो. थांबताना झटका बसला तशी सगळी काच मांडीवर ओतली.

हेल्मेट होतं पण व्हायजर वर केलेला, कारण आत वाफ धरत होती. मूर्खपणा माझा. डोळ्यात गेलं नाही ते नशीब. कॉलरमधून पाठीत गेलेले खडे घरी आंघोळ करताना निघाले.

काच टफन होती. जुन्या गाड्यांना समोर पण टफन काच असायची, आणि भंगारात ती कुठल्याही 800 च्या नावानं मिळते. टफन काच फुटल्यावर तिचे बोथट तुकडे होतात, म्हणून कापत नाही, म्हणून बाजूच्या आणि मागच्या खिडकीला ती ठीक आहे. समोर तीच गोष्ट उलटी पडते, कारण समोर तुम्हाला फुटल्यानंतर पण पाच सेकंद बघायचं असतं. लॅमिनेटेडला गोटा बसला असता तर कोळ्याच्या जाळ्याएवढा डाग पडला असता आणि मी राउंड पूर्ण करून आलो असतो.

ओळखायचं कसं ते आता तोंडपाठ झालंय. काचेच्या खालच्या कोपऱ्यात शिक्का असतो, त्यात लॅमिनेटेड का टफन (कधी टेम्पर्ड) ते इंग्रजीत लिहिलेलं असतं, माती लागलेली असली तर पुसून बघा. शिक्का गेला असेल तर पोलराइज्ड गॉगल घालून उन्हात तिरकं बघा, टफनमधे ठिपक्या-ठिपक्यांची नक्षी दिसते. आणि काच सुटी असेल तर कड बघा, लॅमिनेटेडच्या कडेला दोन काचांमधली रेघ दिसते, बिस्किटातल्या क्रीमसारखी. माझ्या 700 च्या काचेची कड मी स्वतः दोन्ही हातांनी धरून गाडीवरून आणली होती आणि बघितली नाही.

घरी बायकोला सांगितलं काच फुटली. किती मोठी फुटली ते नाही सांगितलं. (वाचशीलच तू हे.)

3 डिसेंबर

तिघांची मीटिंग, चहावर. मेव्हण्याचं म्हणणं काचच नको, जाळी मारू, तिकडं अमेरिकेत मातीच्या ट्रॅकवर जाळी आणि उभे बार लावून पळवतातच की. बरोबर आहे, पळवतात. आमच्याकडं कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी पडलेली होती ती लावून एक राउंड मारला. मोठा गोटा अडला असता कदाचित, पण बारकी खडी सरळ आत येते, आणि काळ्या मातीचं एक ढेकूळ जाळीवर आपटून त्याचा चुरा दातात. व्हायजर खाली घेतला की वाफ, वर केला की माती. शिवाय आम्हाला ज्या ऑटोक्रॉसला (आखलेल्या वळणांच्या वाटेवर वेळ मोजून गाडी पळवायची स्पर्धा) जायचंय तिथं बंद गाडीला काच पाहिजेच. जाळी परत खुराड्याला.

मग ठरलं पॉलिकार्बोनेट, म्हणजे चिवट पारदर्शक प्लास्टिक. अमेरिकेतल्या नॅसकार रेसच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेटच असतं, फुटत नाही, हलकं आहे. आमची लॅमिनेटेड काच धान्याच्या काट्यावर नऊ किलोच्या आसपास भरली होती, 4 मिलिमीटरची शीट साडेतीन भरावी. साडेपाच किलो वाचणार म्हणून मेव्हणा नाचायला लागला. त्याचं स्वतःचं वजन दिवाळीत तेवढं वाढलंय.

8 डिसेंबर

शीट आणली. दुकानात सगळ्याच प्लास्टिकला फायबर म्हणतात. मी पॉलिकार्बोनेट म्हणलं, त्यानं हो म्हणलं, 4 मिमी, 4 बाय 3 फुटाचा तुकडा, 1,500 रुपये. घरी आणून जिगसॉनं कापायला घेतलं तर ब्लेडच्या मागं चर्र करत तडा पळाला. उरलेल्या पट्टीला पकडमधे धरून वाकवलं, टचकन तुटली, धार अशी की हात कापावा.

ऍक्रेलिक होतं ते. नामफलकवाल्यांचं. हे समोर लावलं असतं तर गोटा बसल्यावर सुऱ्यांसारखे तुकडे छातीवर आले असते, टफनपेक्षा वाईट.

परत दुकानात. दुकानदार म्हणला एकदा कापलेला माल परत होत नाही, जे की बरोबरच आहे म्हणा. आता माझी पद्धत अशी : दुकानातच बोटभर रुंद पट्टी मागायची आणि त्याच्यासमोर वाकवायची. पॉलिकार्बोनेट पार दुमडतं पण तुटत नाही. हातोडी मारा, हातोडी उडून वर येते. जाळून बघितलं तर ऍक्रेलिक तडतड करत छान जळत राहतं, पॉलिकार्बोनेट काळा धूर सोडतं आणि आग बाजूला घेतली की विझतं. दुकानात काही जाळू नका अर्थातच.

दुसऱ्या ठिकाणाहून पॉलिकार्बोनेटची भरीव शीट आणली, शेडवर टाकतात ती पोकळ नालीवाली नव्हे, 1,900. ऍक्रेलिकचे 1,500 पाण्यात. माय म्हणली त्याचं देव्हाऱ्याला दार कर.

15 डिसेंबर

कटिंग चांगलं झालं, दोन्ही बाजूचा कागद न काढता बारीक दाताच्या ब्लेडनं. फुटलेल्या काचेचा साचा नव्हता (असता तर एक दिवस वाचला असता, जुनी काच काढली की आधी पुठ्ठ्यावर उतरवून घ्या), म्हणून रबराच्या खाचेवरून पुठ्ठा कापत कापत माप घेतलं, चार पुठ्ठे गेले.

800 ची काच बऱ्यापैकी सपाट आहे पण कोपऱ्यात वळते. वर्गमित्र म्हणला हीटगन मारू. मारली. दोन मिनिटं काहीच नाही, मग एकदम शीटच्या आत बुडबुडे उठले, सोड्याच्या बाटलीसारखे. हे प्लास्टिक हवेतली ओल धरून ठेवतं, गरम करून वळवायचं तर आधी ओव्हनमधे कित्येक तास वाळवावं लागतं, ते आमच्या शेडमधे होणारं काम नव्हे. बुडबुडे क्लीनर साईडच्या कोपऱ्यात आहेत म्हणून तशीच ठेवली. 4 मिमी शीट हातानं दाबून गार अवस्थेतच वळते, हीटगनची गरजच नव्हती.

मधे आतून दोन उभ्या ॲल्युमिनियम पट्ट्या दिल्या, नाहीतर वेगात वाऱ्यानं शीट आत फुगते. कडेनं 14 भोकं, 5 मिमीचा बोल्ट, 5 मिमीचंच भोक, एकदम टाइट फिटिंग, बोल्ट सुटू नयेत म्हणून प्रत्येकाला थ्रेडलॉकरचा लाल थेंब. काम इतकं सुंदर दिसत होतं की फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

30 डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातुरात आज माणूस दिसत नाही, सगळं शहर शेतात. आम्ही पण सकाळी निघालो, गाडी शेडबाहेर उन्हात राहिली कारण आत डेंटरचं दुसरं काम लावलेलं. ज्वारीच्या कोपीखाली पूजा, भज्जी, उंडे, आंबिलीचा माठ, दुपारी झाडाखाली झोप. अख्ख्या नोंदीत हा एकच दिवस सुखाचा.

संध्याकाळी शेडवर येऊन बघतो तर शीट मधून वर फुगलेली, टोपासारखी, आणि 14 पैकी 9 भोकांभोवती बारीक बारीक तडे, सूर्यफुलासारखे.

दोन चुका एकावर एक. पहिली : पॉलिकार्बोनेट पत्र्यापेक्षा पाच-सहा पट वाढतं. मीटरभर शीट दर 10 अंशाला साधारण 0.7 मिमी वाढते. सकाळी थंडीत 12-13 अंशाला कसलेली, दुपारी उन्हात काळ्या डॅशबोर्डच्या वर ती पन्नासला गेली असेल, म्हणजे सव्वा मीटरला तीन मिमीच्या वर. भोकात एक केसाची जागा नाही, ती जाणार कुठं. हे डिसेंबरात झालं, आमच्या एप्रिल-मे मधे काय झालं असतं बघा. 5 च्या बोल्टला 8 चं भोक पाहिजे, मोठा वायसर आणि खाली रबर, आणि बोल्ट नुसता टेकेल एवढाच कसायचा.

दुसरी : थ्रेडलॉकर. ते रसायन पॉलिकार्बोनेटला तडे पाडतं, ताणाखाली असेल तर अजून लवकर. तसंच थिनर, पेट्रोल, ऍसिटोन, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड. स्टिकरचा गम काढायला मी पेट्रोलचं फडकं मारलेलं, तिथं पण धुकं आल्यासारखा डाग आहे, आधी मला वाटलं हात लागला असेल. नायलॉनवाला लॉकनट वापरायचा, तो कोरडाच धरतो. पुसायला साबणाचं पाणी, बस.

खर्च आजपर्यंत फक्त काचेचा : डेंटर 1,200, रबर 650, भंगार काच 700, मजुरी 300, ऍक्रेलिक 1,500, शीट 1,900, बोल्ट-पट्ट्या 400. बेरीज 6,650. नवीन लॅमिनेटेड काच मारुती 800 ची किती रुपयाला असते हे अजून एकदाही कुणी विचारलेलं नाही.

5 जानेवारी 2025

उरलेल्या शीटमधून चालंना म्हणून नवीन शीट, परत 1,900. आठचं भोक, रबर, सगळं नीट. उन्हात दोन दिवस ठेवली, काही नाही झालं. खरंच चांगली बसली. पॉलिकार्बोनेटला नावं ठेवणार नाही, आम्ही त्याला वाईट वागवलं.

12 जानेवारी

माळावर टेस्ट. सकाळी मस्त. वर्गमित्रानं मुद्दाम पुढून गोटे उडवले, शीटला नुसते टपटप आवाज, एक पण डाग नाही. नंतर धूळ बसली म्हणून मी वायपर मारला. वॉशरचं पाणी संपलेलं. चार-पाच वेळा फिरला असेल.

साडेपाचला शेवटचा राउंड. माळाची लांब सरळ बाजू पश्चिमेकडं जाते. वळून तोंड मावळतीला केलं आणि शीट सगळी पेटली. वायपरनं ओढलेले ओरखडे, बारीक, हजारो, अर्धगोल, अंगण शेणानं सारवलं की बोटांची जी कमानी-कमानी उमटते ना अगदी तशी, आणि प्रत्येक कमान सूर्य पकडून चमकते. पुढचा डबा दिसलाच नाही, उडवला. डबा होता म्हणून ठीक.

काच कडक असते, तिच्यावर आपला मुरूम इतका ओरखडत नाही. पॉलिकार्बोनेट गोट्याला भारी पण नखाला हलकं. कडक कोटिंगवाली शीट येते, ती महाग. नॅसकारवाले वर पारदर्शक फिल्मचे थर लावतात, पिटमधे (रेसमधे गाडी कामाला थांबते ती जागा) एक थर ओढून काढला की स्वच्छ. आमच्या पिटमधे एक पाण्याचा जार आणि मेव्हणा.

13 जानेवारी

बार्शी रोड. चाचांना सगळं सांगितलं, ते मशीन बंद करून ऐकत बसले. मग विचारलं, चाचा नवीन लॅमिनेटेड केवढ्याला? "छब्बीस सौ, बिठाके." 

रबरासकट नाही, पण रबर आपलं नवंच आहे. मी 2,600 दिले. मेव्हण्याला फोन करून सांगितलं की काच सेफ्टीच्या खर्चात धरायची, विषय संपला.

16 जानेवारी

काच बसवली, यावेळी मी स्वतः शिकून, चाचा शेजारी उभे. आधी रबर काचेवर चढवायचं. रबराच्या आतल्या खाचेत सगळीकडून सुतळी भरायची, नायलॉनची बारकी दोरी चांगली, टोकं खाली मधे एकावर एक येऊन आत लोंबली पाहिजेत. फ्रेमला आणि रबराला साबणाचं पाणी. एकानं बाहेरून काच टेकवून तळहातानं थापट्या मारायच्या आणि आतल्यानं दोरीचं एक टोक हळूहळू ओढत जायचं, दोरी निघते तशी रबराची ओठासारखी कड पत्र्याच्या आत येते. मी घाईनं ओढली तर चाचा ओरडले, "जल्दी नक्को!" कोपऱ्यात ओढायच्या आधी बाहेरच्यानं थापटलं नाही तर रबर फाटतं. वीस मिनिटात बसली. इतकं सोपं काम बघून खरं म्हणजे रडू आलं.

19 जानेवारी

क्लिपा. रबरावर बसलेली काच गाडी उलटली किंवा टप मुरगळला की अख्खी बाहेर येऊ शकते, म्हणून वरून-खालून पट्ट्यांनी तिला धरायची पद्धत क्लब रेसिंगमधे आहे, मागच्या काचेला पण पट्टे मारतात. 25 मिमी रुंद, 3 मिमी जाड ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, वर तीन, खाली दोन, रिव्हेट-नटात (पत्र्याच्या भोकात रिव्हेटसारखा पक्का बसणारा नट) बोल्ट. छान घट्ट आवळल्या. 220 रुपये.

20 जानेवारी

मागचं डावं चाक काढायला जॅक लावला. गाडी एका कोपऱ्यातून उचलली गेली आणि समोरून टक्क असा आवाज आला, चहाच्या कपात गरम पाणी ओतल्यावर येतो तसा. खालच्या डाव्या क्लिपपासून तडा निघाला होता, माझ्या डोळ्यादेखत वीतभर चालला, थांबला, जॅक खाली घेतला तसा अजून चार बोटं चालला.

मी शेडच्या पायरीवर बसून राहिलो. पाच मिनिटांनी क्लिप खोलली. क्लिपच्या खाली रबर नव्हतं, ॲल्युमिनियम थेट काचेच्या कडेवर, आणि रबर उचलून बघितलं तर बरोबर त्याच जागी डेंटरनं न घासलेला वेल्डाचा फुगवटा. काचेचा सगळ्यात नाजूक भाग तिची कड. खालून वेल्ड, वरून क्लिप, मधे काच चिमटीत, आणि जुन्या 800 ची बॉडी जॅकवर जरा मुरगळतेच, केज असली तरी.

डेंटरला फोन केला. तो म्हणला मालक तुम्ही बघून घ्यायचं होतं. खरं आहे.

26 जानेवारी

वेल्ड स्वतः ग्राइंड केला, प्राइमर मारला. परत चाचा, परत 2,600 ची काच. तडकलेली काच फेकली नाही, सरावाला ठेवलीय. मजुरी घ्यायला चाचा तयार होईनात, मी म्हणलं बसवून धरूनच 2,600 आहेत चाचा, मग म्हणले "तो फिर चाय पिलाव".

क्लिपा आता अशा : काचेला क्लिपनं दाबायचं नाही, काच बाहेर निघायला लागली तरच क्लिप लागली पाहिजे. क्लिपच्या आतल्या बाजूला 3 मिमी काळं ईपीडीएम रबर चिकटवलंय, आणि क्लिप बसवल्यावर पोस्टकार्ड मधून सरकलं पाहिजे एवढी फट. मग चारही कोपरे एकेक करून जॅकवर उचलून बघितले. आवाज नाही.

2 फेब्रुवारी

खरचटलेली पॉलिकार्बोनेट शीट वाया घालवली नाही. मागच्या टफन काचेच्या जागी ती कापून बसवली, मागं बघायला आरसे आहेत, ओरखडे चालतात, आणि त्या भागातलं वजन कमी झालेलं मेव्हण्याला आवडलं. वरून दोन पट्टे. बुडबुडेवाल्या पहिल्या शीटमधून मागच्या दोन बाजूच्या खिडक्या निघाल्या. क्लीनर साईडच्या दाराची टफन काच तशीच ठेवली पण आतून पारदर्शक सेफ्टी फिल्म लावली. एफआयए म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या नियमात बाजूच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या नसतील तर बिनरंगी फिल्म लागतेच, आणि ती 100 मायक्रॉनपेक्षा जाड चालत नाही. काळी फिल्म नव्हे. ड्रायव्हर साईडला काच नाही, जाळीदार नेट.

एक विचारतात सगळे : अशी गाडी रोडवर चालवता येईल का. नाही. मोटार वाहन नियमातल्या नियम 100 प्रमाणे समोर लॅमिनेटेडच लागते आणि समोर-मागं 70 टक्के उजेड आरपार आला पाहिजे, आमची मागची ओरखडलेली शीट त्यात बसायची नाही, आणि बाकी गाडी तर कशातच बसत नाही. आमची आयशरमधे जाते. छोट्या हत्तीत बसेल असं मेव्हण्याला वाटलं होतं. बसत नाही.

9 फेब्रुवारी

वाफेचा प्रश्न. वजन वाचवायला आम्ही ब्लोअर पहिल्याच महिन्यात काढून टाकलेला. पहाटे माळावर दोन मिनिटात आतून काच पांढरी. दाढीचा फेस लावून कोरड्या फडक्यानं पुसला तर अर्धा तास टिकतो. पण शेवटी ब्लोअर परत बसवला, भंगारात विकलेला तोच, 350 ला विकलेला 500 ला परत आणला. वॉशरची बाटली दोन लिटरची केली आणि नियम असा की आधी पाणी, मग वायपर, कधीच कोरडा नाही.

10 मार्च

पुण्याकडं ऑटोक्रॉसला जाऊन आलो. स्क्रूटिनीला (पळवायच्या आधीची गाडीची तपासणी) जे काका होते त्यांनी सगळ्यात आधी काचेचा कोपरा अंगठ्यानं पुसून शिक्का वाचला. मला इतका आनंद झाला की विचारू नका. मग ड्रायव्हरच्या नजरेसमोर तडा आहे का ते वाकून बघितलं, बॉनेटच्या दोन पिना ओढून बघितल्या, गाडीची सगळी वीज तोडणाऱ्या कटऑफ स्विचचा निळा त्रिकोण बघितला, फिल्म नखानं खरडून बघितली.

आणि अडवलं. वरच्या मधल्या क्लिपचा बोल्ट आत बोटभर बाहेर आलेला, बरोबर हेल्मेटच्या रेषेत. म्हणले, "काच धरली छान, आता हे डोक्यात घुसेल त्याचं काय?" तिथंच हॅक्सॉनं कापला, कानसीनं घासला, वरून रबरी टोपी. क्लिपांचे टोकदार कोपरे पण गोल करायला लावले. अर्धा तास. रिव्हेट-नटाला 12 मिमी लांबीचा बोल्ट पुरतो, आम्ही पेटीत होता तो 35 चा मारलेला.

दुसऱ्या रनला पुढच्या गाडीचा दगड काचेवर आलाच. समोर, जरा डावीकडं, रुपयाएवढा डाग पडला आणि त्यातून तीन बारीक पाय फुटले. मी बघतच राहिलो त्याच्याकडं आणि त्या नादात एक गेट (दोन खुणांमधून जायची वाट) चुकलं, पाच सेकंद पेनल्टी.

16 मार्च

डागात रेझिन भरून घेतलं, 400 रुपये, पाय वाढायच्या आत भरलं तर थांबतं. डाग नजरेच्या रेषेत नाही म्हणून पुढच्या वेळी पण हीच काच चालेल. काचेचा एकूण खर्च आता 15,000 ला टेकलाय, त्यातला कामाला आलेला म्हणजे डेंटर, रबर, एक काच, क्लिपा, मागची शीट, ब्लोअर आणि हे रेझिन. बाकीचं ऍक्रेलिक अजून शेडच्या भिंतीला टेकून आहे, देव्हाऱ्याचं माप घ्यायचं राहिलंय.

वायपर मोटर दुसऱ्या स्पीडला अडकूलालीय. पुढची नोंद त्याची.